इम्युलेशन आणि ग्राफिक डिझाइन: दोन्हींना पुरेल असा प्रोसेसर कसा निवडावा

गेम अडखळतोय. पडद्याच्या कोपऱ्यात वेग ७१ टक्के दिसतोय, आवाज तुटक येतोय, पळणारं पात्र गुडघाभर पाण्यातून चालल्यासारखं हलतंय. टास्क मॅनेजर उघडून बघावं, तर प्रोसेसरचा वापर फक्त २५ टक्के! पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी इम्युलेटरच्या (कन्सोलचे गेम संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) सेटिंग उलटसुलट करण्यात दोन संध्याकाळी घालवल्या. प्रोसेसर तर पाऊण मोकळा आहे, मग दोष सेटिंगमध्येच असणार, असं वाटत होतं.

प्रत्यक्षात प्रोसेसरची पुरती दमछाक झाली होती. १२ थ्रेडच्या, म्हणजे एका वेळी कामाच्या १२ रांगा चालवणाऱ्या प्रोसेसरवर एक थ्रेड काठोकाठ भरला, तरी एकूण वापर जेमतेम ८ टक्के दिसतो. तीन थ्रेड भरले की २५. उरलेले नऊ थ्रेड रिकामे होते, कारण त्यांना देण्यासारखं कामच इम्युलेटरकडे नव्हतं. विंडोज तर हे थ्रेड एका कोअरवरून (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) दुसऱ्या कोअरवर फिरवत राहतं, त्यामुळे कोअरनिहाय आलेख उघडला तरी एखादा कोअर १०० टक्क्यांना टेकलेला दिसेलच असं नाही.

हा एक आकडा समजला की जाहिरातीतले १६ कोअर, २४ कोअर भुरळ घालत नाहीत. या दोन्ही कामांसाठी प्रोसेसर घेताना आधी एका कोअरचा वेग बघायचा आणि कोअरची संख्या नंतर. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

एका कोअरवर एवढा भार का पडतो

प्लेस्टेशन २ चा मुख्य प्रोसेसर जेमतेम २९५ मेगाहर्ट्झचा होता. आजच्या ४०००-५००० मेगाहर्ट्झच्या कोअरला तो पेलायला जड का जावा? कारण त्या कन्सोलची भाषाच वेगळी. गेममधली प्रत्येक सूचना इम्युलेटरला आपल्या प्रोसेसरच्या भाषेत आणावी लागते. चांगले इम्युलेटर चालता चालता सूचनांचे तुकडेच्या तुकडे भाषांतरित करून साठवून ठेवतात, तरीही मूळच्या एका सूचनेमागे इथे अनेक सूचना खर्ची पडतात.

शिवाय कन्सोलमध्ये एकच प्रोसेसर नसतो. प्लेस्टेशन २ मध्ये मुख्य प्रोसेसरच्या जोडीला दोन व्हेक्टर युनिट (गणिताची जड कामं करणारे भाग), ग्राफिक्स चिप, आवाजाची चिप आणि कंट्रोलर-डिस्क सांभाळणारा वेगळा प्रोसेसर आहे. हे सगळे एकमेकांच्या वेळा सांभाळत काम करतात आणि गेम लिहिणाऱ्यांनी त्या वेळांवर भिस्त ठेवूनच गेम लिहिले. ही वाट बघण्याची साखळी वाटेल तितक्या कोअरवर वाटून देता येत नाही. ६० फ्रेमच्या गेममध्ये एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात साखळी पूर्ण झाली नाही, की फ्रेम हुकली.

सुपर निंटेंडोचं उदाहरण बोलकं आहे. त्याचा प्रोसेसर फार तर ३.५८ मेगाहर्ट्झचा, पण त्यातल्या प्रत्येक चिपच्या वेळा तंतोतंत पाळणाऱ्या बीस्नेससारख्या इम्युलेटरला २०११ च्या सुमारास ३ गिगाहर्ट्झच्या आसपासचा प्रोसेसर लागत असे. जितकी अचूकता, तितका भार.

पायरी १: सर्वांत जड कन्सोल कोणता, ते ठरवा

‘सगळं चालायला हवं’ हे उत्तर इथे उपयोगाचं नाही. तुम्ही खरोखर खेळणार असलेल्या गेमची यादी करा आणि त्यातला सर्वांत जड कन्सोल शोधा.

पहिलं प्लेस्टेशन, निंटेंडो ६४, पीएसपी आणि त्याआधीचे कन्सोल आजच्या जवळपास कुठल्याही चार कोअरच्या प्रोसेसरवर सुरळीत चालतात. तुमची यादी इथेच संपत असेल, तर निर्णय डिझाइनच्या गरजेवरच घ्या.

गेमक्यूब, वी आणि प्लेस्टेशन २ ही मधली पायरी. गेमक्यूब-वीचा इम्युलेटर डॉल्फिन मुख्यतः दोन थ्रेडवर चालतो: एक कन्सोलच्या प्रोसेसरसाठी, एक ग्राफिक्ससाठी. प्लेस्टेशन २ चा इम्युलेटर पीसीएसएक्स२ मुख्य काम, ग्राफिक्स आणि दुसरं व्हेक्टर युनिट अशा तीन थ्रेडवर काम वाटू शकतो. म्हणजे इथे तीन-चार वेगवान कोअर असले की झालं. दहा मंद कोअर असतील तर सात नुसते बसून राहतील.

प्लेस्टेशन ३ चं गणित मात्र वेगळं. त्यातल्या सेल प्रोसेसरमध्ये दोन थ्रेडचा एक मुख्य कोअर आणि गेमच्या वाट्याला येणारे सहा छोटे सहकोअर आहेत, सगळे ३.२ गिगाहर्ट्झचे. गेम बनवणाऱ्यांनीच काम सहा-सात ठिकाणी वाटलेलं असल्यामुळे आरपीसीएस३ या प्लेस्टेशन ३ च्या इम्युलेटरला खरोखर सहा ते आठ कोअर लागतात, आणि तेही वेगवान. गेम पहिल्यांदा सुरू करताना आरपीसीएस३ त्यातला बराच कोड आधीच भाषांतरित करून ठेवतो. त्या वेळी तो सगळे कोअर वापरतो, म्हणून जास्त कोअर असतील तर ही वाट बघणं चांगलंच कमी होतं.

एक गोष्ट इथेच सांगतो. कन्सोलचा बायोस (तो सुरू करणारा आतला प्रोग्राम) आणि गेम स्वतःच्या मालकीच्या कन्सोलमधून आणि डिस्कवरून काढून घ्या. इम्युलेटर बनवणारी मंडळी वर्षानुवर्षं फुकट राबतात, त्यांच्या कामाला कायद्याचं झेंगट लागू नये याची काळजी आपणही घ्यायला हवी.

पायरी २: नवं घेण्याआधी, जुनं कुठे अडतंय ते मोजा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची आहे.

तुमच्या यादीतला एक जड गेम घ्या. गर्दीचं युद्ध, मोठं शहर, पाऊस असा जिथे तो सर्वांत जास्त अडखळतो तो प्रसंग शोधा आणि तिथे सेव्ह स्टेट करून ठेवा, म्हणजे गेमची त्या क्षणाची स्थिती साठवून ठेवा. हा तुमचा मापदंड. हा प्रसंग प्रत्येक वेळी जसाच्या तसा उघडतो, त्यामुळे दोन मोजमापांची तुलना करता येते.

आता इम्युलेटरमधलं अंतर्गत रिझोल्यूशन मूळ कन्सोलइतकं, म्हणजे एकपट करा. वेग वाढला, तर अडथळा ग्राफिक्स कार्डाचा होता. नवा प्रोसेसर घेऊन काही हाती लागणार नाही. वेग तिथेच राहिला, तर अडथळा प्रोसेसरचा. पीसीएसएक्स२ मध्ये पडद्यावर दिसणाऱ्या माहितीत प्रोसेसरचा वापर दाखवण्याची सोय आहे. ती चालू केली की ईई (मुख्य प्रोसेसर), जीएस (ग्राफिक्स) आणि व्हीयू (व्हेक्टर युनिट) असे तीन वेगवेगळे टक्के दिसतात. माझ्या त्या संध्याकाळी ईई १०० वर चिकटला होता आणि जीएस चाळिशीत घुटमळत होता. टास्क मॅनेजरला जे सांगता आलं नाही, ते या एका ओळीने सांगितलं.

मग साधा भागाकार करा. ईई १०० टक्के भरलेला असताना वेग ७१ टक्के मिळत असेल, तर पूर्ण वेगासाठी १०० भागिले ७१, म्हणजे साधारण १.४ पट वेगवान कोअर हवा. त्यावर थोडी मोकळीक धरून १.६ पट धरा, कारण तुम्ही निवडलेल्या प्रसंगापेक्षा जड प्रसंग पुढे येणारच. हा गुणक कागदावर लिहून ठेवा.

डिझाइनसाठीही तसंच करा. तुमची सर्वांत मोठी फाइल उघडा, नेहमीचं काम करा आणि ती अडकते तेव्हा टास्क मॅनेजरमध्ये मेमरी आणि डिस्क बघा. मेमरी काठोकाठ आणि डिस्क सतत धावतेय, तर रॅम कमी पडतेय. मेमरी मोकळी आहे, डिस्क शांत आहे आणि तरी कर्सर फिरत बसलाय, तर तो बहुधा एका कोअरचा प्रश्न आहे.

पायरी ३: एका कोअरचा वेग कसा तोलायचा

गिगाहर्ट्झवर जाऊ नका. एएमडीचा एफएक्स-९५९० हा २०१३ चा आठ कोअरचा प्रोसेसर ५ गिगाहर्ट्झपर्यंत जात असे, २२० वॉट खात असे, आणि तरी एका कोअरच्या कामात त्या काळच्या ३.९ गिगाहर्ट्झच्या इंटेल आय७-४७७०के च्या मागे पडत असे. प्रोसेसरच्या घड्याळाच्या एका ठोक्यात किती काम होतं, ते प्रोसेसरच्या पिढीवर ठरतं. गिगाहर्ट्झची तुलना फक्त एकाच पिढीच्या आत करावी, आणि तीही बूस्ट वेगाची, म्हणजे गरजेला गाठता येणाऱ्या कमाल वेगाची.

पिढ्यांची तुलना करायला सिनेबेंच, गीकबेंच किंवा पासमार्क या वेग मोजणाऱ्या चाचण्यांमधला फक्त सिंगल कोअरचा गुण बघा. आपल्या सध्याच्या प्रोसेसरचा गुण शोधा, त्याला मघाच्या १.६ ने गुणा. त्या आकड्याच्या खालचे प्रोसेसर यादीतून काढून टाका. दोन्ही गुण एकाच चाचणीच्या एकाच आवृत्तीतले असायला हवेत, नाहीतर हिशेब फसतो. हे गणित शंभर टक्के तंतोतंत नाही, पण इम्युलेशनमध्ये ते बरंच जवळ जातं.

नावांचीही पारख हवी. रायझन ५ ५५०० आणि ५६०० सख्खी भावंडं वाटतात, पण ५५०० मध्ये एल३ कॅशे (कोअरच्या जवळची झटपट मेमरी) १६ एमबी आणि ५६०० मध्ये ३२ एमबी. लॅपटॉपच्या रायझन ७००० मालिकेत चार आकड्यांतला तिसरा आकडा खरी पिढी सांगतो: ७५२०यू मध्ये झेन २ (झेन हे एएमडीच्या कोअर-रचनेचं नाव, पुढचा आकडा तिची पिढी), ७७३०यू मध्ये झेन ३, ७८४०यू मध्ये झेन ४. पेटीवरचा ७ बघून घेतलात, तर दोन पिढ्या जुना माल घरी येऊ शकतो.

पायरी ४: डिझाइनला काय हवं

डिझाइन म्हणजे भरपूर कोअर, हा समज थ्रीडी रेंडरिंगवरून आलाय. फोटोशॉपमध्ये काही फिल्टर अनेक कोअर वापरतात, पण ब्रश, लेयर हलवणं, निवड करणं, आकार बदलणं अशी दिवसभराची कामं थोड्याच कोअरवर चालतात. इलस्ट्रेटर आणि इनडिझाइन तर बहुतांशी एकाच कोअरवर. हजारो अँकर पॉइंटचा नकाशा किंवा नक्षी उघडली, की तोच एक कोअर घाम गाळतो. म्हणजे इम्युलेशन आणि टूडी डिझाइन यांची पहिली मागणी एकच निघते. एकाच खरेदीत दोन्ही साधतं ते याचमुळे.

कोअरइतकंच, किंबहुना जास्त, लक्ष रॅमकडे द्या. ए३ आकाराचं, ३०० डीपीआयचं पोस्टर म्हणजे ३५०८ गुणिले ४९६१, जवळपास १ कोटी ७४ लाख पिक्सेल. ८ बिट रंग आणि पारदर्शकता धरून एका पिक्सेलला ४ बाइट लागतात. म्हणजे पूर्ण भरलेला एक लेयर ७० एमबीच्या आसपास. असे ३० लेयर झाले की २ जीबी, १६ बिटमध्ये काम केलं की ४ जीबी. अनडूचा इतिहास, सोबत उघडलेल्या दोन फाइली, ब्राउझर आणि खुद्द विंडोज याच्या वर. १६ जीबीत हे कसंबसं मावतं, ३२ जीबीत मोकळा श्वास मिळतो. रॅम संपली की फोटोशॉप डिस्कवर लिहू लागतं आणि मग कितीही भारी प्रोसेसर असला तरी ब्रशचा फटकारा हाताच्या मागे रेंगाळतो. प्रोसेसर एक पायरी खाली घेऊन ३२ जीबी रॅम बसवणं जमत असेल, तर डिझाइन करणाऱ्याने तेच करावं असं मी ठामपणे सांगेन.

ब्लेंडरसारख्या थ्रीडी प्रोग्राममध्ये प्रोसेसरवर रेंडर केलं, तर सगळे कोअर कामाला लागतात हे खरं. पण बरं ग्राफिक्स कार्ड असेल तर सायकल्स या त्याच्या रेंडर इंजिनचं काम त्याच्यावर कितीतरी लवकर होतं. केवळ रेंडरसाठी १६ कोअर घेण्यापेक्षा ती रक्कम कार्डात घातलेली बरी.

पायरी ५: किती कोअर

सहा कोअर, १२ थ्रेड ही माझी खालची मर्यादा. गेमला तीन-चार आणि बाकीच्यांना दोन, एवढं त्यात बसतं. प्लेस्टेशन ३ यादीत असेल, किंवा फोटोशॉप, इलस्ट्रेटर आणि वीस टॅबचा ब्राउझर दिवसभर एकत्र उघडे राहत असतील, तर आठ घ्या. त्यापुढे या दोन कामांसाठी फायदा झपाट्याने आटतो.

उलट कधी कधी अडचण वाढते. १२ किंवा १६ कोअरच्या रायझन ९ मध्ये कोअर दोन तुकड्यांत विभागलेले असतात आणि एका तुकड्याने दुसऱ्याशी बोलायला वेळ जातो. सतत एकमेकांची वाट बघणाऱ्या इम्युलेटरच्या थ्रेडना तो उशीर बोचतो. इंटेलच्या १२व्या पिढीपासून बहुतेक प्रोसेसरमध्ये मोठे आणि छोटे असे दोन जातींचे कोअर असतात. तिथे मोजताना मोठे कोअर मोजा. आय५-१४६००के चे १४ कोअर म्हणजे सहा मोठे आणि आठ छोटे. विंडोज ११ कामांची वाटणी बहुधा नीट करतं, तरी इम्युलेटरचा मुख्य थ्रेड छोट्या कोअरवर जाऊन पडला तर वेग अचानक घसरलेला दिसतो.

५८००एक्स३डी, ७८००एक्स३डी, ९८००एक्स३डी हे ९६ एमबी कॅशेचे प्रोसेसर पीसी गेमसाठी अप्रतिम आहेत. पण केवळ इम्युलेशन आणि डिझाइन करायचं असेल, तर त्या कॅशेसाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

पायरी ६: सूचनासंच आणि शेवटची अक्षरं

सूचनासंच म्हणजे प्रोसेसरला कळणाऱ्या खास सूचनांचा गट. पीसीएसएक्स२ ला किमान एसएसई ४.१ हा संच लागतो आणि एव्हीएक्स२ असलेलं चांगलं. एव्हीएक्स२ इंटेलच्या चौथ्या पिढीच्या कोअर मालिकेपासून, म्हणजे २०१३ पासून आहे आणि सगळ्या रायझनमध्ये आहे. त्या काळच्या पेंटियम आणि सेलेरॉनमध्ये मात्र नाही. वापरलेलं मशीन घेताना इथेच ठेच लागते.

प्लेस्टेशन ३ साठी एव्हीएक्स-५१२ खरंच कामाला येतं. सेलच्या सहकोअरमध्ये प्रत्येकी १२८ रजिस्टर (हाताशी लागणारा डेटा ठेवण्याच्या छोट्या जागा) होती. एव्हीएक्स-५१२ मध्ये रजिस्टर जास्त आहेत आणि काही सूचना अशा आहेत, की त्या सहकोअरच्या कामाचं भाषांतर थोडक्यात उरकतं. रायझन ७००० आणि ९००० या डेस्कटॉप मालिकांत ते आहे. इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीत आणि डेस्कटॉपच्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेत ते वापरता येत नाही. बाकीच्या कन्सोलसाठी याची फिकीर करू नका.

इंटेलच्या नावात शेवटी एफ असेल, तर आतलं ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड लागेलच. रायझन ५६०० मध्येही ते नाही, ७६०० मध्ये छोटंसं आहे. स्वतंत्र कार्ड घेणारच नसाल, तर रायझन ८६००जी किंवा ८७००जी बघा. त्यांचं आतलं ग्राफिक्स प्लेस्टेशन २ आणि गेमक्यूबचे गेम मूळ रिझोल्यूशनच्या वर नेण्याइतपत सक्षम आहे.

माझी निवड

प्लेस्टेशन २ आणि वी पर्यंत खेळायचं आणि टूडी डिझाइन करायचं, तर रायझन ५ ५६०० किंवा आय५-१२४०० आजही पुरतात. नवीन बांधणी करत असाल, तर रायझन ५ ७६०० किंवा ९६००एक्स घ्या. त्यांचं एएम५ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसवण्याची जागा) २०२२ मध्ये आलं आणि एएमडीने त्याला किमान २०२७ पर्यंत पाठबळ देण्याचं जाहीर केलंय. त्यामुळे पुढे बोर्ड न बदलता प्रोसेसर बदलता येईल. प्लेस्टेशन ३ हवं असेल, तर आठ कोअरचे रायझन ७ ७७०० किंवा ९७००एक्स. इंटेलचा १३व्या किंवा १४व्या पिढीचा वरच्या श्रेणीतला प्रोसेसर घेतलात, तर बसवल्या बसवल्या बोर्डाचा बायोस अद्ययावत करा. जास्त व्होल्टेजमुळे तो कायमचा बिघडण्याचा दोष आढळला होता आणि २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतल्या प्रोग्रामची) दुरुस्ती आली. वापरलेला घेत असाल, तर आधीच्या मालकाने ती दुरुस्ती केली होती का, ते विचारा.

लॅपटॉपमध्ये एकाच नावाचा प्रोसेसर एका मॉडेलमध्ये २५ वॉटवर आणि दुसऱ्यात ५० वॉटवर चालवलेला असतो. इम्युलेशनचा भार तासन् तास सारखाच राहतो, त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांचा वेग बघून भुलू नका. शक्य असेल तर अर्धा तास चालवून मग वेग बघा. आणि एआरएम प्रोसेसरचा (ज्याची भाषा इंटेल-एएमडीपेक्षा वेगळी असते) लॅपटॉप घेण्याआधी तुमचा इम्युलेटर त्यासाठी मुळातून लिहिलाय का, ते तपासा. डॉल्फिनची एआरएम आवृत्ती आहे. ज्याची नाही, तो भाषांतरावर पुन्हा भाषांतर करत चालेल.

बसवल्यानंतर

रॅमच्या दोन पट्ट्या बोर्डाच्या पुस्तिकेत दाखवलेल्या खाचांतच बसवा, म्हणजे दोन्ही चॅनल वापरले जातील. मग बोर्डाच्या बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा. हे राहून गेल्यामुळे ६००० वेगाची डीडीआर५ रॅम ४८०० वर चालत राहिलेली मी अनेक मशीनांवर पाहिली आहे. प्रोसेसरच्या कूलरला हवा खेळती राहील अशी जागा ठेवा. लॅपटॉप असेल, तर खेळताना चार्जर लावून ठेवा.

आता जुन्या मशीनवरची ती सेव्ह स्टेट नव्या मशीनवर आणा. इम्युलेटरची आवृत्ती आणि सेटिंग तीच ठेवा, रिझोल्यूशन एकपट ठेवा आणि तोच प्रसंग उघडा. वेग १०० टक्के आणि ईई ८५-९० च्या आसपास दिसला, तर हिशेब बरोबर आला. मग रिझोल्यूशन एकेक पट वाढवत न्या. ज्या पटीला वेग पडेल, त्याच्या एक पायरी खाली येऊन थांबा. ती मर्यादा तुमच्या ग्राफिक्स कार्डाची आहे.